नामा म्हणे, परंतु कोणता नामा?

पंढरपुरास विठ्ठलमंदिराच्या पूर्वेकडील महाद्वारीं जी पहिली पायरी आहे, तिच्यावर वारकरी पाय ठेवीत नाहीं. हात लावून तो हात मस्तकास लावतो आणि मग आंत जातो. सोलापूर जिल्ह्यांतील या क्षेत्राचा सर्वांत लाडका रहिवासी, दामाशेटी शिंप्याचा मुलगा नामदेव, शके १२७२ मध्यें, म्हणजे इ. स. १३५० सालीं, याच ठिकाणीं कुटुंबासह समाधिस्थ झाला अशी परंपरा आहे. संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी म्हणून त्यानें ही जागा मागून घेतली, असें सांगतात. पायरीसमोरच चोखामेळ्याची समाधि आहे. आषाढी-कार्तिकीस येथून चंद्रभागेच्या वाळवंटापर्यंत कीर्तनांचा घोष चालतो, आणि त्यांत कितीतरी अभंगांचा शेवट 'नामा म्हणे' या दोन शब्दांनीं होतो. ऐकणाऱ्याच्या मनांत तिळमात्र संशय नसतो. हा नामा म्हणजे पायरीचा नामदेव. इतिहासाच्या अभ्यासकांना मात्र गेल्या शतकभर याच दोन शब्दांनीं हैराण केलें आहे. मराठींत नामे एकाहून अधिक झाले; त्यांच्या रचना एकमेकींत मिसळल्या; आणि त्या मिसळतांना कोणीं, केव्हां, कोठून काय आणलें, याची नोंद ठेवण्याचें कोणाच्या मनांतहि आलें नाहीं.

ही मिसळ झाली कशी, हें समजण्यास आधीं बाड ही वस्तु डोळ्यांपुढें आणली पाहिजे. पोथी आणि बाड यांत मोठा भेद आहे. पोथी देवघरांत राहते, सोंवळ्यांत वाचली जाते, आणि तिची नक्कल करणारा समोरचें अक्षर जसेंच्या तसें उतरण्याची निदान प्रतिज्ञा तरी करतो. बाड हें कीर्तनकाराचें हत्यार. लांबट, अरुंद कागद एका कडेनें शिवून केलेली ही वही काखेंत मारून तो गांवोगांव फिरे. कीर्तनास लागेल तें सारें तींत असे: नामदेवाचा बाळक्रीडेचा अभंग, त्याखालीं ज्ञानदेवांचें पद, त्याच पानावर एखादें आख्यान, समासांत दुसऱ्याच कोणा संताची ओवी, क्वचित् देण्याघेण्याचा हिशेबहि.

असा कीर्तनकार परगांवीं गेला, तेथें दुसऱ्याचें कीर्तन ऐकलें, एखादा अभंग मनांत भरला, कीं तो बिऱ्हाडीं येऊन आपल्या बाडांत उतरून घेई. जुना शब्द श्रोत्यांस कळेनासा झाला असेल, तर त्या जागीं चालू शब्द येई. मधलें एखादें कडवें आठवलें नाहीं, तर त्याच चालीच्या दुसऱ्या अभंगांतलें कडवें तेथें बसे. अभंगाचा छंदच असा मोकळा कीं, सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांच्या त्या चरणांत बाहेरचा पाहुणा सहज रुळतो. यमक साधलें कीं सांधा कोणास दिसत नाहीं. पुढें शिष्य गुरूच्या बाडाची नक्कल करी, आणि शेजारीं गुरुबंधूचें बाड असेल तर दोहोंतील अधिकउणें जुळवून तिसरें तयार करी. त्यांत अप्रामाणिकपणाचा लेशहि नव्हता. अभंग गाण्यासाठीं असतो. जितके अधिक मिळतील तितके बरे, एवढीच त्याची समजूत. दोन बाडांचें एक झालें, त्या एकाचीं पुढें चार झालीं, आणि मूळचीं दोन वाळवीनें खाल्लीं.

अशा या वाहत्या प्रवाहांत दुसरा नामा येऊन मिळाला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, एकनाथांच्या काळाच्या आसपास, विष्णुदास नामा हा कवि होऊन गेला. महाभारताच्या अठराहि पर्वांची कथा मराठी ओवींत आणण्याचा मान त्याच्याकडे जातो; शुकाख्यानासारखीं आख्यानेंहि त्याचीं. म्हणजे दोन-चार पदें रचणारा हा कोणी हौशी नव्हता. मुक्तेश्वराच्या आधीं भारतकथा महाराष्ट्राच्या माजघरांत नेणारा तो मोठा ग्रंथकार होता. तरीहि कित्येक पिढ्या सामान्य वाचकाच्या लेखीं तो जन्मलाच नव्हता. त्याचीं आख्यानें पंढरीच्या नामदेवाचीं म्हणून गाइलीं गेलीं. एखाद्याचें घर लुटलें गेलें तर तो निदान फिर्याद तरी करतो. या कवीचें घर प्रेमानें, भक्तीनें आणि कोणाच्याहि ध्यानांत न येतां शेजारच्या वाड्यांत सामावून गेलें. नामा पाठक म्हणून आणखी एक कवि होऊन गेला, त्यानें गुंत्यांत आपली भर घातली ती वेगळीच.

वास्तविक मुद्रिका ही या गोंधळावरची तोड होती. शेवटच्या चरणांत कवीनें आपलें नांव गोंवावें, म्हणजे अभंग कोठेंहि गेला तरी धन्याचा शिक्का त्याच्याबरोबर जातो. ज्यांचा शिक्का नीट घडलेला होता, त्यांचें काव्य बरेंच सुरक्षित राहिलें. एकनाथांनीं स्वतःच्या नांवास गुरूचें नांव जोडून 'एका जनार्दनीं' अशी दुहेरी मुद्रा केली. तुकोबांचे बंधु कान्होबा 'तुकयाबंधु' म्हणवून घेतात. त्यामुळें त्यांचे अभंग तुकोबांच्या गाथेंत छापलेले असूनहि वेगळे ओळखतां येतात. जनाबाई 'नामयाची दासी जनी' म्हणते. तिच्या मुद्रिकेंत धन्याचें नांव आधीं आहे खरें, परंतु स्वतःचेंहि शेवटीं आहे, आणि तेवढ्यावर नामदेवाच्या गाथेच्या पोटांत राहूनहि ती जनीच राहिली. नाम्यांच्या बाबतींत मात्र शिक्काच फसवा निघाला. 'विष्णुदास' हें एकाचें नांव, तर दुसऱ्याचें विशेषण. पंढरीचा नामदेव स्वतःस विष्णूचा दास म्हणणारच. त्याच्या म्हणून समजल्या जाणाऱ्या अभंगांतहि 'विष्णुदास नामा' ही योजना येते. उलट विष्णुदासास नुसतें 'नामा म्हणे' लिहिण्यास कोणाची आडकाठी होती? तेव्हां 'विष्णुदास' दिसला म्हणून अभंग सोळाव्या शतकाचा ठरत नाहीं, आणि नुसता 'नामा' दिसला म्हणून तो चवदाव्या शतकाचाहि ठरत नाहीं.

छापखाना आला आणि हा गुंता शिशाच्या खिळ्यांनीं पक्का झाला. १८९४ मध्यें तुकाराम तात्या पडवळ यांनीं मुंबईस नामदेवाची गाथा प्रसिद्ध केली. तींत त्याच्या कुटुंबांतील मंडळींचे आणि समकालीन संतांचेहि अभंग एकत्र होते. पुढें त्र्यंबक हरि आवटे यांची गाथा पुण्यास निघाली. या प्रकाशकांचे उपकार लहान नव्हेत. वाळवी, पाऊस आणि अनास्था यांच्या तोंडून त्यांनीं हजारों चरण सोडवून आणले. परंतु हस्तलिखितांच्या दिवसांत निदान एवढें तरी होतें कीं, दोन बाडें शेजारीं ठेवलीं म्हणजे भेद दिसे, आणि भेद दिसला म्हणजे शंका येई. एकसारख्या शेंकडों प्रती हातीं आल्यावर शंकेला जागाच उरली नाहीं. छापलेलें तें खरें, ही समजूत या देशांत फार लवकर रुजली.

विद्वानांचा वाद पेटला तो मात्र प्रथम ज्ञानदेवांवरून. एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं शेवटीं शिवराम एकनाथ भारदे यांनीं 'भारद्वाज' या नांवानें 'सुधारक' पत्रांत लेख लिहून असें प्रतिपादन केलें कीं, ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि विठ्ठलाचे अभंग रचणारे ज्ञानदेव हे दोन निरनिराळे पुरुष होत. दोहोंची भाषा निराळी, आणि ज्ञानेश्वरींत विठ्ठलाचें नांव नाहीं, हीं त्यांचीं मुख्य शस्त्रें. वारकऱ्यांच्या बाजूनें भिंगारकर बुवांनीं त्यांस उत्तर दिलें. पुढें १९१३ मध्यें रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा वैष्णव आणि शैव संप्रदायांवरील इंग्रजी ग्रंथ त्या वेळच्या जर्मनींतील स्ट्रासबुर्ग येथें प्रसिद्ध झाला. नामदेवाचें मराठी ज्ञानेश्वरीच्या मराठीहून उघड उघड अर्वाचीन दिसतें, असें सांगून त्यांत भांडारकरांनीं नामदेवास ज्ञानदेवांच्या सुमारें शंभर वर्षें अलीकडे आणून बसविलें.

या एका निर्णयानें काय काय कोसळतें तें पाहण्यासारखें आहे. परंपरेप्रमाणें दोघे समकालीन. एकत्र तीर्थयात्रेस गेलेले. ज्ञानदेवांचें चरित्र म्हणून महाराष्ट्रास जें ठाऊक आहे, त्याचा मोठा भाग नामदेवाच्या आदि, तीर्थावळी आणि समाधि या तीन प्रकरणांतून आला आहे. आळंदीस इंद्रायणीच्या कांठीं ज्ञानदेव समाधीस बसतात, निवृत्तिनाथांचा धीर सुटतो, आणि नामदेव तें डोळ्यांनीं पाहून सांगतो. त्या वर्णनानें आजहि कीर्तनांत माणसें रडतात. नामदेव शंभर वर्षें अलीकडे सरकला, तर तो साक्षीदारच तेथून नाहींसा होतो. अभंग कोणाचा हा प्रश्न पंडितांच्या चौकटींतला वाटतो. परंतु त्याचा धागा ओढतांच साऱ्या संतकालाचा पट हलूं लागतो.

भांडारकरांची विद्वत्ता निर्विवाद असली, तरी त्यांच्या या अनुमानांत एक मोठी फट राहिली होती. गाथेंत जी भाषा दिसते ती रचणाऱ्याची कीं शेवटीं गाणाऱ्याची? पोथींत बांधलेली ज्ञानेश्वरी आणि रोजच्या तोंडीं असलेला अभंग यांचा प्रवास एकसारखा झालेलाच नाहीं. यादवकाळच्या 'तेया' या शब्दाचें पुढें 'त्या' झालें. दोन अक्षरांचें एक झालें. गाणाऱ्यानें चालू रूप उच्चारतांच चरण एका अक्षरानें लंगडा पडला, म्हणून त्यानें तेथें 'हो' किंवा 'रे' घालून ताल सांभाळला. 'आथि' च्या जागीं 'आहे' आलें, तेथें तर अक्षरसंख्याहि बदलली नाहीं. मागें खूणच उरली नाहीं. तेव्हां जो अभंग लोकांस फार आवडला, तो फार गाइला गेला. जो फार गाइला गेला, तो दर पिढींत नवा झाला. जुनी भाषा टिकली ती बहुधा कोणी न गाइलेल्या अभंगांत. अर्वाचीन दिसणें हा उशिराच्या जन्माचा पुरावा असूं शकतो, तसाच तो दीर्घ आयुष्याचाहि असूं शकतो. वारकऱ्यांच्या बाजूचें म्हणणें भावनेचें म्हणून पंडितांनीं पुष्कळदां झिडकारलें. या एका मुद्द्यावर मात्र त्यांची बाजू पंडितांच्या बाजूइतकीच शास्त्रशुद्ध होती.

भाषेखेरीज दुसऱ्या कसोट्या आहेत. पुढील शतकांतील एखाद्या संताचें नांव अभंगांत आलें, तर निदान तेवढा चरण तरी मागाहूनचा. कथा सविस्तर, ओवी लांब आणि सांगण्याची ढब पुराणिकाची असेल, तर विष्णुदासाकडे बोट जातें. देवाशीं भांडण, लाडिक हट्ट आणि आईला हांक मारावी तशी आर्तता असेल, तर पायरीच्या नामदेवाकडे. परंतु ही शेवटची कसोटी फार जपून वापरावी लागते. जो उत्तम तो आपल्या आवडत्या कवीचा आणि जो सामान्य तो दुसऱ्याचा, अशी वांटणी करण्याचा मोह मोठमोठ्यांना आवरलेला नाहीं. असे न्याय विष्णुदासाच्या वांट्यास पुष्कळ आले.

हाच गुंता आजच्या युगांत अगदीं निराळ्या कारखान्यांत रोज पडतो आणि बहुधा रोज सुटतो, हें येथें सांगितलें पाहिजे. संगणकास काम सांगणाऱ्या ज्या आज्ञावली, म्हणजे ज्यांना प्रोग्रॅम म्हणतात, त्या एकट्याच्या हातच्या नसतात. शेंकडों माणसें आपापल्या प्रतींत फेरफार करतात आणि ते फेरफार एका प्रतींत आणून मिसळावे लागतात. बाडांची जुळवणीच ती. या फेरफारांची वही ठेवण्याची युक्ति अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत मार्क रॉकाइंड यांनीं १९७२ मध्यें काढली, आणि २००५ मध्यें लिनस टोरवाल्ड्स यांनीं गिट नांवाचें जें साधन केलें तें आज जगभर रूढ आहे. त्याचें वर्म साधें आहे. प्रत्येक फेरफाराबरोबर तो करणाराचें नांव, वेळ, आणि तो कोणत्या आधीच्या स्थितीवर केला याची खूण जतन होते. दोन शाखा मिसळल्या कीं त्या मिसळीची स्वतंत्र नोंद होते, आणि तिच्यावर दोन जनकांचीं नांवें राहतात. शिवाय मिसळतांना दोनच नव्हे, तीन पाठ पाहिले जातात: या बाजूचा, त्या बाजूचा, आणि दोघांचा जो शेवटचा समान पूर्वज होता तो. पूर्वजाशीं ताडून पाहतां जी ओळ एकाच बाजूनें बदलली, तिच्याविषयीं वाद नाहीं. दोहोंनीं निरनिराळी बदलली, तर यंत्र थांबतें आणि माणसास विचारतें. मिसळ चुकली असें मागाहून कळलें, तर कोणती ओळ कोणत्या जनकाची हें ठाऊक असल्यानें ती सोडवितां येते. तेथेंहि एक अडचण आहेच. मिसळलेल्या पाठावर पुढें दुसऱ्यांनीं काम रचलें असेल, तर मधली एक वीट काढतांना वरची भिंत हलते. आणि कोणी उतावळेपणानें सारा मागचा इतिहास एका नोंदींत दाबून टाकला असेल, तर त्या कारागिराची अवस्था आणि नामदेवगाथेच्या संपादकाची अवस्था यांत फरक उरत नाहीं. गाथेच्या संपादकापुढें मिसळलेला पाठ असतो. जनक नसतात, आणि समान पूर्वज तर कधींच गेलेला असतो.

मराठी माणसांस अशा नोंदीची कल्पनाच नव्हती, असें मात्र कोणीं समजूं नये. महानुभावांकडे ती होती. म्हाइंभटानें तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत रिद्धपुरास चक्रधरांच्या लीळा माणसांमाणसांस विचारून जमविल्या. पुढें परचक्रांत तो ग्रंथ हरवला, आणि हिराइसेसारख्यांनीं स्मरणाच्या बळावर तो पुन्हां उभा केला. निरनिराळ्यांच्या स्मरणांत लीळा निरनिराळी उतरली, तेव्हां या पंथाच्या लेखकांनीं त्यांतली एक निवडून बाकीच्या पुसल्या नाहींत. अमक्याच्या आठवणींत असें, तमक्याच्या आठवणींत तसें, हें 'वासना' म्हणून पोथींतच टिपून ठेवलें. प्रत्येक भेदाला मालकाचें नांव! सातशें वर्षांपूर्वींच्या मराठींत ही शिस्त सांपडते, आणि तीहि एका लहानशा, छळ सोसलेल्या पंथांत.

नाथांनीं केलें तें याहून निराळें. शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ सालीं, त्यांनीं ज्ञानेश्वरीच्या अनेक प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि पुढें कोणीं तींत आपली ओवी घालूं नये अशी कडक ताकीद दिली. त्यामुळें ज्ञानेश्वरी वांचली. परंतु कोणत्या प्रतींत काय होतें आणि नाथांनीं काय गाळलें, याची यादी त्यांनीं मागें ठेवली नाहीं. पाहतां पाहतां नाथांचा पाठ सर्वत्र पसरला आणि त्यापूर्वीच्या प्रती मागें पडल्या. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १९०९ मध्यें नाथांच्या मागचा म्हणून एक पाठ प्रसिद्ध केला, तो या हरवलेल्या पूर्वजाचा माग काढण्याच्याच जिद्दीनें. नाथांनीं शुद्ध केलेल्या ग्रंथाच्या मागें जाऊं पाहणें हेंच कित्येकांना अपचारासारखें वाटलें असेल. पण नाथांनीं स्वतः तेंच केलें होतें.

पूर्वज हरवला असतांहि त्याच्याजवळ जाण्याचा एक राजमार्ग पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत आखला गेला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा पहिला भाग विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं १९२७ मध्यें काढला, आदिपर्व १९३३ मध्यें पुरें झालें, आणि सारें काम संपावयास १९६६ साल उजाडलें. महाभारताच्या प्रतीहि एकमेकींत मिसळलेल्या. नकलाकारांनीं दोन-दोन प्रांतांच्या पोथ्या समोर ठेवून आपली पोथी भरलेली. त्यांत सुखटणकरांनीं एक सूत्र धरलें. काश्मीर आणि दक्षिण देश यांचे लेखक एकमेकांस भेटले नसतील. तेव्हां शारदा लिपीच्या पोथ्या आणि दक्षिणेच्या पोथ्या जेथें एक बोलतात, तेथें दोघांना तो शब्द कोणा तिसऱ्या, जुन्या ठिकाणाहून मिळाला असला पाहिजे. दूरदूरच्या, एकमेकांस न ओळखणाऱ्या दोन साक्षीदारांची जबानी जुळावी, तसें हें आहे. आणि जें मागाहूनचें ठरलें तें त्यांनीं फेंकून दिलें नाहीं. खालीं तारांकित करून किंवा परिशिष्टांत घालून जपलें.

नामदेवाला असा दूरचा साक्षीदार आहे काय? अर्धा आहे. पंजाबांत घुमान येथें तो राहिला अशी परंपरा आहे, आणि १६०४ मध्यें गुरु अर्जुनदेवांनीं सिद्ध केलेल्या आदिग्रंथांत नामदेवाचीं ६१ पदें आहेत. हा ग्रंथ गुरुद्वारांत इतक्या कडेकोट जपणुकीनें राहिला कीं, त्या पदांवर पंढरीच्या बाडांतील शाई कधीं पडली नाहीं. राजस्थानांत दादूपंथीयांनींहि सतराव्या शतकांतील पोथ्यांत नामदेवाचीं पदें जतन केलीं. विनांद काल्वार्ट आणि मुकुंद लाठ या दोन अभ्यासकांनीं या शाखा ताडून १९८९ मध्यें त्यांचा चिकित्सक पाठ प्रसिद्ध केला. परंतु हीं पदें हिंदींतलीं. त्यांतला नामदेव कसा बोलत असेल याचा अंदाज त्यांवरून येतो. मराठी अभंगांतला एकहि चरण त्यांनीं सोडवितां येत नाहीं. मराठी अभंगांचे साक्षीदार सारे एकाच अंगणांतले, एकमेकांचें ऐकून बोलणारे. तुकोबांचें उदाहरण शेजारीं ठेवलें म्हणजे हें अधिक उमगतें. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनीं सरकारी साहाय्यानें १८६९ आणि १८७३ मध्यें इंदुप्रकाश छापखान्यांतून तुकोबांची गाथा काढली, ती देहू, तळेगांव, कडूस आणि पंढरपूर या चार ठिकाणच्या वह्या ताडून. तुकोबा जाऊन तेव्हां सव्वादोनशें वर्षांच्या आंतच झालीं होतीं, वह्यांचीं घराणीं ठाऊक होतीं. तरीहि चारांचे चार पाठ होते. नामदेवाच्या बाबतींत अंतर त्याच्या दुपटीहून अधिक.

वारकरी या सगळ्या खटाटोपाकडे कसें पाहतो, तेंहि विचारांत घेण्यासारखें आहे. त्याच्या परंपरेंत एक कथा आहे. नामदेवानें शतकोटि अभंग करण्याचा पण केला. घरांतली सारी माणसें, दासी जनीसुद्धां, त्या कामास लागली. तरीहि संख्या पुरी झाली नाहीं. मग तीनशें वर्षांनीं नामदेव पांडुरंगास बरोबर घेऊन तुकोबांच्या स्वप्नांत आला आणि उरलेले अभंग तूं पुरे कर असें सांगून गेला. इतिहासकारास ही कथा पुरावा म्हणून घेतां येणार नाहीं. परंतु तिच्यांत एक धोरण आहे: रचना एकाची नसून चालत आलेली असते, एकाची राहिलेली दुसऱ्यानें पुरी करावयाची असते, आणि त्यांत चोरी नाहीं. असें मानणाऱ्या समाजांत अभंग मिसळले नसते तरच नवल. तथापि या उदार धोरणांतहि हिशेबांत एक खोट राहतेच. तुकोबांनीं पुरे केले ते तुकोबांच्या नांवानें. विष्णुदासानें पुरे केले ते मात्र नामदेवाच्या नांवानें. ज्यानें आयुष्य वेंचून मराठींत भारत रचलें, त्याचें नांव वेगळें काढून त्याच्या हातीं देणें, यांत नामदेवाचें कांहीं उणें होत नाहीं.

१९७० मध्यें, नामदेवाच्या सातशेंव्या जयंतीच्या वर्षीं, महाराष्ट्र शासनानें त्याची गाथा प्रसिद्ध केली. त्यानंतरहि विष्णुदास किती आणि नामदेव किती, यावर एकमत झालेलें नाहीं, आणि नवें, जुनें, तिथि असलेलें बाड हातीं येईपर्यंत कित्येक अभंगांपुढें प्रश्नचिन्हच राहणार. देशांत अजून अशीं बाडें आहेत. फडांच्या गांठोड्यांत, माळ्यावरच्या पेट्यांत, कीर्तनकारांच्या घराण्यांत. बाड सांपडलें तर त्यांतले अभंग छापील गाथेशीं जुळवून दुरुस्त करण्याचा मोह आवरून, तें जसें आहे तसें, समासांतल्या रेघोट्यांसह उतरून ठेवावें, एवढीच अभ्यासकांची विनवणी असते. जो भेद दुरुस्त केला जातो तोच बहुधा सांगत असतो.

पंढरीच्या देवळांत आणि महाराष्ट्राच्या घराघरांत आरतीच्या शेवटीं विठ्ठलास माउली म्हणून बोलावतात, दोन्ही हातांचे तळवे कपाळावर धरून लांबवर त्याची वाट पाहतात. लहान मुलांनाहि ती आरती पाठ असते. तिच्या अखेरच्या चरणांत ओवाळणारा जो आहे, तो स्वतःस 'विष्णुदास नामा' म्हणवितो. टाळ वाजत असतात, गर्दी पुढें सरकत असते, आणि महाद्वाराच्या पायरीवर कोणी वांकून हात लावीत असतो.